इंडिया गेटभोवती फ्रान्स

फ्रान्स कसा आहे ते मला विचारू नका, मी तिथे गेलेलो नाही. पण त्याला बाहेरून एक पूर्ण फेरी मात्र मारली आहे. पायी, दिल्लीत, फेब्रुवारीतल्या एका दुपारी, आमच्या सौभाग्यवतींच्या मागोमाग. सांगलीच्या कट्ट्यावर हे सांगितलं तर सगळे खो खो हसले. हसेनात का! काय झालं ते मी जसंच्या तसं लिहितो. मी तीस वर्षं वजनमाप खात्यात निरीक्षक होतो, कमी-जास्त माप देणं मला जमायचं नाही.

आधी थोडं मागचं सांगतो. माझी बायको निर्मला, वय अठ्ठावन्न. तीन वर्षांपूर्वी शेजाऱ्यांची मुलगी पुण्याला नोकरीला गेली आणि तिची फ्रेंचची पुस्तकं रद्दीत निघाली. निर्मलानं ती उचलून घरी आणली. तेव्हापासून फोन डाळीच्या डब्याला टेकवून, पोळ्या लाटता लाटता तिचं 'बोंजूर, बोंजूर' सुरू झालं. मी म्हणायचो, "अगं, तुझ्या बोंजूरपायी पोळी करपली बघ." मला वाटायचं, रिकामा उद्योग आहे, महिनाभरात थंडावेल. पण ती थांबली नाही. भाषा झाली, मग तिथले राजे, नद्या, चीज, लढाया. पाच वह्या भरल्या.

गेल्या वर्षी तिच्या फोनवर एका स्पर्धेची जाहिरात आली. फ्रान्सचा इतिहास, भूगोल आणि संस्कृती यांवर प्रश्न, वयाची अट नाही, भाग जोडीनं घ्यायचा. पहिलं बक्षीस जोडीला दहा दिवस फ्रान्स. निर्मलानं विचारलं, "भरू या का?" मी म्हटलं, "मी भरतो. फॉर्मातलं तुला काय कळतंय?" आणि भरला. पहिल्या दोन फेऱ्या घरबसल्या झाल्या. नियमाप्रमाणे त्या दोघांनी मिळून सोडवायच्या होत्या, म्हणजे तिनं उत्तर सांगायचं आणि मी बटण दाबायचं. अशी बटणं दाबत आम्ही अंतिम फेरीत पोचलो. अंतिम फेरी दिल्लीला होती.

जिंकलो तर तिला लुआर नदी बघायची होती. पॅरिस नाही, तो टॉवर नाही, लुआर. "उन्हाळ्यात तिची वाळू उघडी पडते, आपल्या कृष्णेसारखी," म्हणाली. "आणि काठाला राजांचे महाल." हे सांगताना तिचा चेहरा असा काही झाला होता की मी पेपर खाली ठेवला.

पहाडगंज

निर्मलाची मावसबहीण मंजू दिल्लीत सरोजिनी नगरला राहते, मंत्रालयात नोकरीला आहे. निर्मलाचं म्हणणं होतं, सरळ तिच्याकडे उतरू. मी म्हटलं, पाहुणा म्हणून कुणाच्या घरी लोळायचं नाही, आणि फोनवरून पहाडगंजात हॉटेल ठरवलं. खोलीला खिडकी होती. ती उघडली की समोर हातभर अंतरावर दुसऱ्या हॉटेलची भिंत. नळाला गरम पाणी 'आ रहा है, बाऊजी' असं दोन तास येत होतं. निर्मलानं खिडकी हळूच परत लावली.

संध्याकाळी घाऊक बाजारातून हिंडलो. गजकाचे, म्हणजे तीळ-गुळाच्या वड्यांचे ढीग, शेंगदाण्याची पोती, रताळी निखाऱ्यावर भाजून वर लिंबू पिळून देणारे. एका गजकवाल्याचा काटा रिकामा असताना शून्यावर येत नव्हता. माझा पाय तिथून हलेना. मी त्याला समजावून सांगू लागलो की काटा समपातळीत ठेवायचा असतो, खाली पुठ्ठा चालत नाही. तो हसत म्हणाला, "बाऊजी, रिटायर हो गए ना? अब तो छोड़ो!" मी कपाळावर लिहून फिरतो की काय, कोण जाणे. निर्मला इतकी हसली की तिला उचकी लागली.

परतताना एका शाळेवर मराठी पाटी दिसली. भर पहाडगंजात मराठी माध्यमाची शाळा! निर्मला फाटकाशी थांबून आत डोकावत राहिली. मी म्हटलं, "चल, उशीर होतोय." कशाला उशीर होत होता, ते आता आठवत नाही.

कोपर्निकस मार्ग

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडी हाउसजवळच्या एका सभागृहात नावनोंदणी होती. टेबलामागे विशीतली एक मुलगी. तिनं दोन बिल्ले काढले. माझ्या बिल्ल्यावर 'स्पर्धक', निर्मलाच्या बिल्ल्यावर 'साथी'. मी म्हटलं, हे उलटं झालंय.

"नहीं अंकल. फॉर्म में पहला नाम जिसका, वही स्टेज पर बैठेगा. आंटी सामने बैठेंगी. आप उनसे एक बार पूछ सकते हैं, पूरे राउंड में बस एक बार."

आमच्या घरात गॅसच्या नोंदणीवर पहिलं नाव माझं, बँकेत माझं, रेशनकार्डावर माझं. कोणताही फॉर्म आला की पहिल्या ओळीत माझं नाव आणि दुसऱ्या ओळीत तिचं. हात आपोआप चालतो. हाही तसाच भरला होता. त्यात खाली बारीक अक्षरात नियम होते, ते मी वाचले नव्हते. इतरांच्या काट्यांखालचे पुठ्ठे शोधणाऱ्या माणसानं!

मी पुष्कळ विनवण्या केल्या. मुलगी बिचारी आत जाऊन विचारून आली. नियम म्हणजे नियम, बाकीच्या सात जोड्यांवर अन्याय होईल. बरोबरच होतं तिचं. मी तिच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो, आणि वर दोन कलमं सांगितली असती.

बाहेर आलो. निर्मला फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसली. रडली नाही, चिडलीही नाही. बिल्ल्याची दोरी बोटाला गुंडाळत होती. मी म्हटलं, "चुकलं माझं."

"भूक लागलीय," ती म्हणाली.

कोपर्निकस मार्गावर महाराष्ट्राचं जुनं अतिथिगृह आहे. तिथे पिठलं-भाकरी मिळाली. भाकरी ज्वारीची होती, जरा जाड होती, पण दिल्लीत ज्वारी म्हणजे देव पावला. निम्मी भाकरी झाल्यावर निर्मलानं मान वर केली. "उद्या दुपारी तीनला आहे ना? म्हणजे अजून सव्वीस तास आहेत. तुम्हाला फ्रान्स शिकवते."

"सव्वीस तासांत?"

"तुमची स्मरणशक्ती चांगली आहे. चार वर्षांपूर्वी मी आमटीत मीठ विसरले होते, त्याची तारीख आठवते तुम्हाला."

षट्कोन

अतिथिगृहातून बाहेर पडून कोपर्निकस मार्गानं सरळ चालत गेलं की इंडिया गेट लागतं. त्याच्याभोवतीचा रस्ता गोल नाही, सहा बाजूंचा आहे. दिल्लीकर त्याला हेक्सागॉनच म्हणतात. निर्मला त्याच्या कडेला उभी राहिली आणि लहान मुलीसारखी टाळी वाजवून म्हणाली, "अहो, हाच की! फ्रेंच लोक आपल्या देशाला षट्कोनच म्हणतात. नकाशात त्याचा आकार असाच दिसतो. चला."

आणि आम्ही चालू लागलो. जिथे उभे होतो तो कोपरा बेल्जियमचा ठरला. पहिली बाजू इंग्लिश खाडीची: पलीकडे इंग्लंड, इकडे नॉर्मंडी, पाऊस, सफरचंदं, गाई. याच बाजूनं थोडं आत रूआं, जिथे इंग्रजांशी लढलेल्या जोनला जाळलं. एकोणीस वर्षांची पोर. निर्मला हे अशा आवाजात सांगत होती की जणू आमच्या गल्लीतलीच कुणी गेली. दुसरी बाजू अटलांटिकची. लुआर इथे समुद्राला मिळते, देशातली सगळ्यांत लांब नदी तीच, पॅरिसची सेन नव्हे. "लोक सेन म्हणतात आणि फसतात, लक्षात ठेवा." तिथे एक राम लड्डूवाला होता. मुगाच्या डाळीचे छोटे वडे, वर किसलेला मुळा आणि हिरवी चटणी. आम्ही अटलांटिकच्या काठी उभ्यानं द्रोण संपवले. मुळा तेवढा कडू होता, असं मी म्हणालोच.

सवयीनं मी पावलं मोजत होतो. एका बाजूला किती भरतात ते बघायला. तेवढ्यात एका पोलिसानं हटकलं, "क्या नाप रहे हो, अंकल?" मी गांगरलो. निर्मला म्हणाली, "कुछ नहीं भैया, फ्रांस देख रहे हैं." तो आमच्याकडे आणि मग इंडिया गेटकडे बघत राहिला. "फ्रांस आगे है," तो गंभीरपणे म्हणाला आणि हात दाखवून मोकळा झाला.

तिसरी बाजू स्पेनची. मध्ये पिरेनीज पर्वत. ही बाजू मला फार लांब वाटली, कारण गुडघा बोलायला लागला होता. सहलीच्या बसमधून शंभरेक मुलं उतरत होती, रस्ता ओलांडायला दहा मिनिटं गेली. मी कठड्यावर टेकलो. निर्मला मात्र थांबेना: चौथी भूमध्य समुद्राची, तिथे मार्से बंदर. पाचवी आल्प्सची, इटली आणि स्वित्झर्लंड. त्यातच माँ ब्लां, सगळ्यांत उंच. सहावी ऱ्हाइन नदीवरून जर्मनी, लक्झेंबर्ग आणि परत बेल्जियम. मध्ये कमान दिसत होती. तिनं सांगितलं की पॅरिसला नेपोलियननं बांधायला घेतलेली अशीच एक आहे, तिच्याखाली अनाम सैनिकासाठी ज्योत जळते. पण ती कमान पुरी झालेली बघायला तो राहिला नाही.

खरं सांगतो, चौतीस वर्षांच्या संसारात निर्मलाला मी इतका वेळ सलग बोलताना ऐकलं नव्हतं. अडखळत नव्हती. मी मध्ये एकदाच तोंड घातलं. म्हटलं, मीटर आणि किलो हे फ्रेंच क्रांतीनंतरच आले, आणि मूळ किलो पॅरिसजवळच्या सेव्र गावात तीन काचपात्रांखाली ठेवलाय. ती म्हणाली, "माहीत आहे. लग्न ठरलं तेव्हा पहिल्या भेटीत तुम्ही मला तेच सांगितलं होतं."

फेरी पुरी होऊन बेल्जियमला आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. निर्मला म्हणाली, "आता षट्कोनाबाहेरचं थोडं राहिलंय."

"पुरे," मी म्हणालो. "बाहेरचं राहू दे. आतलंच डोक्यात मावेना झालंय."

सरोजिनी नगर

रात्रीचा मुक्काम निमूटपणे मंजूकडे हलवला. जुनी सरकारी क्वार्टरं पाडून उंच इमारती झाल्यात, तिथे ती नवव्या मजल्यावर राहते. दार उघडताच म्हणाली, "अरे यार ताई, हॉटेलात कशाला राहायचं? आणि भाऊजी, तुम्ही बिल्कुल टेन्शन नका घेऊ. चलो, आधी जेवा." गाजर हलवा होता, लाल गाजरांचा. आपल्याकडची केशरी गाजरं त्याच्यापुढे पाणी भरतील.

मंजूची मुलगी इरा आठवीत आहे. दिल्लीच्या शाळेत तिला तिसरी भाषा फ्रेंच. तिनं वही उघडून माझी परीक्षा घेतली. चौदावा लुई किती वर्षं राजा होता? बहात्तर. बास्तीयचा तुरुंग फोडला तेव्हा आत किती कैदी होते? सात. मी फाडफाड उत्तरं देत होतो. इरा ओरडली, "काका तर एकदम टॉपर आहेत!" माझी छाती फुगली. स्वयंपाकघरातून निर्मला हळूच म्हणाली, "अडलं तर मला विचारायचं आहे हं. एक संधी आहे." मी म्हटलं, "हो गं, हो."

अंतिम फेरी

मंचावर आम्ही आठ जण. कॉलेजची चार मुलं, गुरुग्रामहून आलेले एक कंपनीतले साहेब, एक निवृत्त कर्नल आणि फरिदाबादची शाळामास्तरीण, वयानं चाळिशीची. परीक्षक म्हणून एक फ्रेंच बाई होत्या, पांढरे केस, खादीचा झब्बा, हिंदी चांगलं बोलणाऱ्या. साथी सगळे पहिल्या रांगेत. निर्मलानं तिची मोरपिशी इरकल नेसली होती.

माझा पहिलाच प्रश्न: मूळ किलोग्रॅम कुठे ठेवला आहे? बोलाफुलाला गाठ! मी गावच काय, धातू, पात्रं, देशोदेशीच्या प्रती, सगळं सांगायला लागलो. शेवटी घंटा वाजवून मला थांबवावं लागलं. सभागृह हसलं आणि टाळ्याही पडल्या. मग सगळ्यांत लांब नदी आली: लुआर. जोनला जाळलं ते गाव आलं, आल्प्स आला. माझ्या डोळ्यांपुढे दिल्लीचा रस्ता होता. अटलांटिकला मुळा होता, पिरेनीजला गुडघा होता. एकेक जण गळत गेला. कर्नल गेले, साहेब गेले. शेवटी दोघंच उरलो, मी आणि फरिदाबादच्या बाई. गुण समान.

मला वाटलं, हे तर काहीच नाही. आणि हे वाटलं तिथेच माझा घात झाला.

शेवटचा प्रश्न आधी माझ्याकडे आला. फ्रान्सची जमिनीवरची सगळ्यांत लांब सरहद्द कोणत्या देशाला लागून आहे? मला तर ती बाजू आदल्या दिवशी गुडघ्यात कळली होती. सूत्रसंचालक म्हणाला, "सर, आपने साथी से अभी तक कुछ नहीं पूछा. पूछेंगे?"

मी समोर बघितलं. निर्मला खुर्चीच्या अगदी काठावर येऊन बसली होती. दोन्ही हात मांडीवर घट्ट. तिनं मानसुद्धा हलवली नाही, नियमात बसत नव्हतं म्हणून. पण डोळे एवढे मोठे केले होते की आंधळ्यालाही दिसले असते.

"जरूरत नहीं," मी म्हणालो. "स्पेन."

घंटा वाजली. चूक. प्रश्न फरिदाबादच्या बाईंकडे गेला. त्यांची साथी म्हणजे त्यांची सासू, सत्तरीची. बाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "मैं मम्मीजी से पूछूँगी." सासूबाई उठून उभ्या राहिल्या, पदर सावरला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "ब्राज़ील. साउथ अमेरिका में गयाना है ना, वो भी फ्रांस ही है."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. मला तर वळसा घालायचाही नव्हता, फक्त विचारायचं होतं.

सभागृहात टाळ्या चालल्या होत्या. सासू-सुना एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी मंचावरून खाली आलो, तेव्हा वाटलं होतं निर्मला आता तरी रागावेल. ती म्हणाली, "षट्कोनाबाहेरचं तेवढंच राहिलं होतं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या क्रमांकाचं प्रशस्तिपत्र मिळालं, माझ्या एकट्याच्या नावाचं. ते मी घडी करून पिशवीच्या तळाशी घातलं.

चहाच्या वेळी त्या फ्रेंच परीक्षक बाई माझं अभिनंदन करायला आल्या. फ्रेंचमध्ये काहीतरी बोलल्या. मी हसलो, म्हणजे दात दाखवले. निर्मलानं उत्तर दिलं. बाईंच्या भुवया वर गेल्या. मग दोघी जणी बोलतच राहिल्या. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. निर्मला हातवारे करत होती, एकदा नदीसारखा हात फिरवला, एकदा मोठ्यानं हसली. ते हसणं माझ्या ओळखीचं नव्हतं. मी दोन्ही हातांत दोघींचे चहाचे कप धरून उभा होतो. एक शब्द कळत नव्हता. पण बघत राहावंसं वाटत होतं.

परत

दुसऱ्या दिवशी निजामुद्दीनहून दुपारची गाडी. मंजूनं डब्यात मेथीचे पराठे दिले होते. मथुरा गेलं, आग्रा गेलं. बाहेर मोहरीची पिवळी शेतं होती, सूर्य कलत होता.

"निर्मला, एक विचारू?"

"विचारा की."

"फ्रेंचच का? इंग्रजी होतं, संस्कृत होतं. कानडी तर शेजारणीकडून फुकट आलं असतं."

ती संत्रं सोलत होती. साल एका अखंड पट्टीत काढलं. मग अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं.

"घरात कुणाला येत नव्हतं म्हणून."

"म्हणजे?"

"म्हणजे माझं चुकलं तर सांगणारं कुणी नव्हतं." आवाजात राग नव्हता. कुठलं स्टेशन आलं ते सांगावं तसं सांगत होती. "पोळी, आमटी, माझं हिंदी, कपड्यांच्या घड्या, चौतीस वर्षं सगळं तुमच्या तराजूत पडलं. हे एकच नाही पडलं. चुकत माकत बोलायचे, मला फार बरं वाटायचं."

मी खिडकीबाहेर बघितलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिला दिसलं असावं, कारण ती मुद्दाम दुसरीकडे बघायला लागली. मी संत्र्याची एक फोड तोंडात घातली. चांगलीच आंबट होती. मी काही बोललो नाही.